आर्लीथा आत्यानं उचललेलं गीत

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या आत्यासोबत, भरल्या चर्चमध्ये.

ऑगस्ट १९३८. रविवार, दुपारचे तीन. मिसिसिपीतलं टॅलो बेंड गाव.

समोर शवपेटी होती. आत माझे आजोबा, याच चर्चचे पाद्री रेव्हरंड होझाया प्रुइट.

आर्लीथा आत्या त्यांची लेक. चौदा वर्षं तंबूच्या खेळांत ब्लूज, म्हणजे चर्चच्या लेखी सैतानाची गाणी, गात फिरली. ‘मी जिवंत आहे तोवर ही या चर्चमध्ये तोंड उघडणार नाही,’ असं आजोबांनी भर सभेत बजावलं होतं.

आता तिला एकच हवं होतं. बापाला निरोपाचं गीत आपण द्यायचं, आणि पुन्हा या लोकांचं व्हायचं.

"उचल गीत," चर्चचे कारभारी, डीकन टेट म्हणाले. "लोकांनी साथ दिली तर तू आमची. नाही दिली, तर साडेपाचची गाडी आहेच."

"आणि तुम्ही द्याल का, काका?"

"माझं मी बघेन. हा तंबू नाही, एवढं लक्षात ठेव."

आमच्याकडे गीताची पुस्तकं नसायची. गीत उचलायचं म्हणजे एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती लांबवत गायची. साथ न देणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

आत्यानं पहिली ओळ सांगितली.

...काहीच नाही.

फक्त लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे हलत होते.

तिनं पुन्हा सांगितली.

आणि पंखे थांबले... सगळे एकदम.

लोक तिच्याकडे पाहतच नव्हते. तिच्या मागे पाहत होते... पेटीकडे.

टेटकाकांच्या हातातली हॅट खाली पडली. कुणी ती उचलली नाही.

आता आपल्याला हाकलणार, असं आत्याला वाटलं. तरी तिनं तिसऱ्यांदा ओळ सांगितली.

अख्खं चर्च उठून उभं राहिलं. गाऊ लागलं. रडत, थरथरत... थेट शेवटच्या ओळीपर्यंत.

बाहेर तिनं काकांना गाठलं. "का गायलात?"

"का म्हणजे? तू दुसऱ्यांदा ओळ सांगितलीस आणि तुझे बाबा गायला लागले. पेटीतून. तेच गाताहेत म्हटल्यावर आम्ही कोण गप्प बसणारे?"

आत्यानं वळून चर्चच्या दाराकडे पाहिलं.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

पुढे चाळीस वर्षं ती त्याच चर्चमध्ये गीत उचलत राहिली. दर ओळीनंतर क्षणभर थांबायची, कान देऊन. थकली तेव्हा मी तिला हात धरून न्यायचे. परतताना ती हळूच विचारायची, "आज आला का गं त्यांचा आवाज?"

"नाही, आत्या."

"मग ठीक. मला एकटीलाच येत नाही असं नाही," म्हणायची आणि चालू लागायची.

मी खोटं बोलत होते. आवाज यायचा... दर रविवारी, दर ओळीला. सगळ्यांना ऐकू यायचा, तिला सोडून. आणि हे तिला सांगायचं धाडस आम्हा कुणालाच झालं नाही.

तिलाच का नाही, ते मला आजही कळत नाही. विचार केला की अंगावर काटा येतो.