विमान खाली येईपर्यंत

डबी उघडली तर आत दात निघाले.

अख्खी कवळी. वरची. गुलाबी हिरड्यांसकट माझ्याकडे बघून हसतेय... आणि समोर उभी असलेली मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे देवा. म्हणजे इंजिन गेलं दवाखान्यात."

झालं असं, की ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. पिशवीत दोन सारख्या डब्या होत्या, एक डॉक्टरांकडे द्यायची, एक माझ्याकडे आणायची. अदलाबदल झाली. अर्ध्या तासाने ती धापा टाकत परत आली तेव्हा डबीत तिच्या बाबांच्या विमानाचं इंजिन होतं. लिंबाएवढं. डॉक्टरांनी उघडून बघितलं का, मी विचारलं. बघितलं ना, ती म्हणाली, पेशंटला म्हणाले सुरुवातीला जरा टोचेल.

मी हसलो. तिने माझ्या दातांकडे बघितलं. नीट, एकेक करून. मी तोंड मिटलं.

आता माझ्याबद्दल थोडं. मामाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, त्यातलं अर्धं टेबल माझं. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांची इंजिनं मी दुरुस्त करतो. कुणाकडे शिकलो नाही. बिघडवत बिघडवत शिकलो. मामाने टेबल दिलं आणि यात काय पोट भरणार आहे, असं एकदाही विचारलं नाही. त्याचे उपकार सांगत बसलो तर ही गोष्ट राहून जाईल.

इंजिनाचा कार्बोरेटर मोडला होता. विमान नाकावर पडलेलं. मी तो सोडवला तर बुडाशी असलेली रबरी कडी चिरलेली दिसली, जुनी चीर. तिथून हवा चोरून आत शिरत असणार. म्हणून इंजिन हवेत बंद पडलं, मी म्हटलं.

तिने ती कडी उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "म्हणजे बाबांच्या कानांची चूक नव्हती."

तिचे बाबा क्रेन चालवायचे. आता निवृत्त. डावा कान पूर्ण गेला, उजवा निम्मा. आणि आमच्या धंद्यात इंजिन कानाने लावतात... इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवायची, आवाज ऐकायचा, थांबायचं. दोन रविवार विमान बंद पडलं आणि मैदानावरचे सगळे त्यांना समजावायला लागले, काका, आता तुम्हाला आवाज कळत नाही, पुरे करा. त्यांनीही ठरवून टाकलं होतं. येत्या रविवारी शेवटचं उडवायचं. परत बंद पडलं तर सगळी विमानं क्लबला देऊन मोकळं व्हायचं.

"देऊ देत की विमानं, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "पण बाकीचे सहा दिवस लोक बोलतात आणि बाबा नुसती मान हलवतात. मैदानावर एवढी इंजिनं कोकलत असतात ना, तिथे सगळेच हातवारे करून बोलतात. तिथे माझे बाबा सगळ्यांत बडबडे असतात."

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पकडीकडे बघत होती. मला वाटतं मी तिथेच गेलो. कामातून गेलो म्हणतात तसा.

त्या इंजिनाचा कार्बोरेटर आता मिळत नाही. माझ्याकडे डबाभर जुने आहेत, त्यातले दोन बसत होते. एकाचं भोक बारीक, दुसऱ्याचं मोठं. मोठ्या भोकातून हवा जास्त जाते, इंजिनाला ताकद जास्त मिळते. पण एक मेख आहे. फुंकर बारीक तोंडाने घातली की जोरात लागते, आ वासून घातली की नुसती वाफ. तसंच इथे. भोक मोठं झालं की हवेचा जोर कमी होतो, आणि टाकीतून इंधन ओढलं जात नाही. विमानाने नाक वर केलं की टाकी खाली राहते, मग तर अजूनच.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी मोठा लावला.

का? ती बघत होती म्हणून. दुसरं काही कारण नाही.

तीन दिवस ती लॅब सुटली की यायची. मागच्या अंगणात लाकडी घोडीवर इंजिन घट्ट बसवलं होतं. पंख्याच्या मागेच उभं राहायचं, हे मी तिला शिकवलं. इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास, तिच्या हातांना लॅबच्या गुलाबी पावडरचा वास... सुई ती माझ्यापेक्षा छान फिरवायची. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळतो, रोजचंच काम तिचं. मी म्हटलं, हात चांगला आहे तुझा. ती म्हणाली, दात दाखवून म्हण, तर खरं मानते.

मामा आतून ओरडला, सुई लावताय की सुपारी फोडताय. आम्ही दोघं उगाच इंजिनावर वाकलो.

नळी चिमटायचंही मी तिला शिकवलं. चालू इंजिनाची इंधनाची नळी क्षणभर चिमटायची. आवाज आधी थोडा चढला आणि मग पडला, तर इंधन पुरेसं आहे. चिमटल्याबरोबर इंजिन गचकलं, तर इंधन कमी पडतंय.

शनिवारी तिने चिमटलं. इंजिन गचकलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "हे वाईट ना? तूच सांगितलंस."

इंजिन तोवर काय सुरेख किंचाळत होतं... सुई सैल केली असती तर इंधन वाढलं असतं, पण तो आवाज उतरला असता. मी म्हटलं, थंड आहे अजून, उद्या बरोबर चालेल. आणि तिने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाची मला अजून लाज वाटते.

रविवारी विमान धावलं, उठलं, बाबांनी नाक वर केलं. सगळं मैदान बघत होतं. झाडांच्या उंचीवर गेलं आणि आवाज तुटला.

बाबांना ते ऐकू आलं नाही. विमान हवेत जड झालं तेव्हा कळलं. पण हात कसले... नाक अलगद खाली घेतलं, एवढंसं वळवलं, गवतावर आणून ठेवलं. ओरखडासुद्धा नाही. मग रिमोट क्लबच्या सेक्रेटरीच्या हातात दिला आणि एकेकाशी हात मिळवायला लागले. लोक त्यांच्या पाठीवर थोपटत होते. आणि सगळे, अगदी सगळे, त्यांच्या कानांकडे बघत होते.

ती माझ्याकडे वळली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. त्यांना ऐकू जावं म्हणून घसा फोडून ओरडावं लागणार होतं, आणि नेमकं त्या क्षणी मैदानावर एकही इंजिन चालू नव्हतं.

"काका, चूक माझी आहे. मोठा कार्ब मी लावला. तुमच्या मुलीला कळलं होतं, मी ऐकलं नाही."

त्यांनी हात कानामागे धरला. काय?

मी परत ओरडलो. परत, काय? तिसऱ्यांदा ओरडलो तोपर्यंत मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे लोक जवळ आले होते.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," बाबा म्हणाले. "यांना ऐकवायचं होतं."

लोक हसले. बाबा हसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, वर्ष झालं, काहीही बिघडलं की सगळे माझंच काहीतरी गेलंय म्हणतात. आज कुणीतरी म्हणालं, चूक माझी. मग म्हणाले, "बारीक कार्ब आणलायस ना? की तोही घरी ठेवलास मोठेपणात?"

आणला होता. डबा माझ्यासोबतच असतो.

तिथेच गवतावर बसून बदलला. इंजिन सुरू केलं. तिने विमान नाक वर करून उभं धरलं, बाबांनी तळवा विमानाच्या पोटावर ठेवला, डोळे मिटले. सुई मी फिरवत होतो. आवाज छान चढला तसा मी थांबलो. बाबांनी डोळे न उघडता बोट हलवलं, अजून सैल. मी एक टिचकी दिली. अजून. आणखी एक. मग त्यांनी मान हलवली. तळव्याखालची थरथर त्यांना माझ्या कानांपेक्षा जास्त सांगत होती.

तिने नळी चिमटली. आवाज थोडा चढला, मग उतरला.

ती हसली... माझ्याकडे बघून, इंजिन बंद पडल्यापासून पहिल्यांदा.

बाबांनी रिमोट परत घेतला. विमान उठलं, नाक वर, सरळ वर, झाडांच्या वर, आवाज जराही न अडखळता. मी आणि ती बाबांच्या मागे उभे होतो. मला वाटलं, आज खरं बोलायचा दिवस आहे, तर सगळंच बोलून टाकावं.

"मला तू आवडतेस," मी म्हटलं. "म्हणून मोठा लावला. मूर्खपणा केला. पण आवडतेस."

तिने विमानावरून नजर काढली नाही. "विमान खाली येऊ दे. मग सांगते."

टाकी मीच भरली होती. काठोकाठ. दहा मिनिटांचं इंधन. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, इंजिन बंद पडावं. आणि लगेच वाटलं, नको रे बाबा... उडू दे, हवं तितकं उडू दे. बाबा विमान गोल फिरवत होते, उलटं करत होते. काही घाई नव्हती त्यांना. ती मधूनच माझ्याकडे बघायची, घड्याळ बघावं तशी, आणि परत वर.

विमान खाली आलं, इंजिन मंद गुरगुरत, आपलं आपण धावत आमच्यापर्यंत. बाबांनी बंद केलं. माणसांनी त्यांना घेरलं आणि ते दोन्ही हातांनी चढण दाखवायला लागले, उलटं होणं, वळण, पुन्हा चढण. सेक्रेटरीला बोलायला जागाच मिळेना.

ती विमान उचलून माझ्याकडे आली. कोपरापर्यंत तेल.

"हो," ती म्हणाली. "आता हा पंख धर, पुसायचाय."

एका पंखावर ती, दुसऱ्यावर मी. पुसायला फडकं एकच होतं.