न काढलेले फोटो

उरणच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मशीन बिघडलं की लोकांना आधी व्हायरस आठवतो, नाहीतर कुणाची तरी नजर. आपण स्वतः काय करून ठेवलं ते कुणी सांगत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. म्हणून रामचंद्रकाका फोनवर म्हणाले, "निकेत, डी ड्राइव्ह उघडताना कायतरी येगलंच होतंय," तेव्हा मी हसलोच. जेवण उरकून दुपारी त्यांच्याकडे निघालो.

काका म्हणजे माझ्या वर्गातल्या अल्पेशचे वडील. अल्पेश बंदरावर ट्रेलर चालवायचा. गेल्या वर्षी अपघातात गेला. त्यांचं घर मिठागराच्या कडेला, आणि उन्हात त्या पांढऱ्या ढिगांकडे बघवत नाही. आत शिरलो तर खिडक्या बंद, पंखा बंद. ओल्या मिठाचा आणि चिखलाचा वास नाकात भरला. एवढा वास मिठागरातही येत नाही.

अल्पेशची आई, सत्यवतीकाकू, कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मी हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"दोनदा टिचकी मारली का लगेच उघडत न्हाय," काका हळू आवाजात म्हणाले. "पडदा काला होतो. मंग उघडतं. आन् दर खेपेला आत एक नवा फोटो."

"कुणीतरी टाकत असेल, काका."

"ते फोटो आमी काढलंच न्हाय."

त्यांनी एक दाखवला. मिठाच्या ढिगावर बसलेला दोन वर्षांचा अल्पेश, नागडा, तोंडभर हसणारा. "तवा कॅमेरा कुठं होता आमच्याकडं?" काका म्हणाले. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात त्याला उचलायला पुढे आलेला एक हात होता, हिरव्या बांगड्यांचा. तशाच बांगड्या काकूंच्या हातात आताही होत्या, हात त्यांचाच. म्हणजे त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं, तेच कुणीतरी जसंच्या तसं काढून घेतलं होतं.

"काकू, आठवतो का हा दिवस?"

काकूंनी फोटोकडे मायेने पाहिलं. मग म्हणाल्या, "गोड हाय. कोनाचा पोर हाय यो?"

काकांनी तोंड फिरवलं. "पोरगा गेला तो गेला. आता हिच्या आठवनीतून बी चाललाय. कायतरी कर, निकेत. हिच्याकडं तेवढा तरी राहू दे."

मी म्हटलं, आठवणीचं डॉक्टर बघतील, मी ड्राइव्हचं बघतो. दुखणं माझ्या ओळखीचं वाटत होतं. पेनड्राइव्हमधून येणारी एक बारकी फाईल ड्राइव्हच्या दारात बसून राहते, आणि दोनदा क्लिक केलं की ड्राइव्हऐवजी तीच उघडते. ती काढली की काम झालं. पण इथे तशी फाईलच नव्हती. दुसऱ्या वाटेने आत डोकावलो तर ड्राइव्ह पूर्ण रिकामा. दोनदा क्लिक केलं की मात्र फोटोच फोटो.

आमच्या धंद्यात एक सवय असते. काही बदललं की उघडून बघायचं, जमलं नाही तर बंद करून पुन्हा उघडायचं. मी तेच करत बसलो. दर वेळी पडदा काळा व्हायचा, त्यात माझं तोंड दिसायचं, आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून फळीने मीठ ओढल्यासारखी खरखर यायची. किती वेळा उघडलं त्याचा हिशेब मी ठेवला नाही. त्या भरात फोटोंकडेही माझं लक्ष नव्हतं.

लक्ष गेलं तेव्हा नव्या फोटोंत अल्पेश नव्हता. दवाखान्याच्या खाटेवर माझी बायको बसली होती, कल्पिता. तिच्या मांडीवर पिवळ्या दुपट्यातलं बाळ. बाळाकडे जाणाऱ्या हातात माझं घड्याळ होतं. बाळ कुणाचं ते मला आठवेना.

तेवढ्यात कल्पिताचाच फोन आला. "अहो, येताना रुचिताला शाळेतून घेऊन या."

"कुणाला?"

"चेष्टा पुरे. मागच्या वेळी उशीर केलात तर रडली होती." तिने फोन ठेवला.

मी पडद्याकडे पाहिलं. एक लहान मुलगी गणवेशात उभी होती आणि तिने माझं बोट धरलं होतं. दुसऱ्या फोटोत तीच, पुढचे दात पडलेली.

"काका... काकू हे रोज उघडायच्या का?"

"व्हय. त्याला बघायला..."

मी वायर उपटली. पडदा विझला. पण आतली खरखर थांबली नाही, बराच वेळ चालू राहिली. काकू तशाच समोर बसून होत्या.

मी हार्ड डिस्क बाहेर काढली. काका म्हणाले, "घेऊन जा लांब. पन फोडू नको. माझा पोर हाय तिच्यात." मी कशाला फोडतोय. आता माझंही कुणीतरी तिच्यात होतं.

शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. घंटा झाली, मुली बाहेर पडल्या, आणि यातली कुठली न्यायची ते मला कळेना. शेवटी एक धावत आली आणि तिने माझं बोट धरलं. तिचा हात उबदार होता.

घरी मी यातलं कल्पिताला सांगितलं नाही. काय सांगणार? पोर गुणी आहे. बाबा, बाबा करत मागे फिरते. एकदा तिने विचारलं, "माझं नाव तुम्हीच ठेवलं ना? का ठेवलं?" ते मलाही जाणून घ्यायचं होतं. ती डिस्क मी घरच्या कॉम्प्युटरला लावली. फोटो दुसरीकडे उतरवून बघितले, तर कोरे येतात. तिची ओळख पटवायची तर ड्राइव्हच उघडावा लागतो. ती झोपली की मी उघडायचो. आज एवढाच, म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ती आणखी थोडी परकी वाटायची, म्हणून पुन्हा उघडायचो. मला तिची भीती वाटायला लागली, आणि त्याची लाज वाटायची.

परवा दुकानातून लवकर परतलो. घरात ओल्या मिठाचा वास होता. कल्पिता कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"अहो, किती छान फोटो आहेत हे. मी रोज दुपारी बघते," ती म्हणाली. "तुम्ही कधी काढलेत?"

मी झडप घालून मशीन बंद केलं. ती नुसती हसली.

संध्याकाळी तिने ताटं वाढली. रुचिता माझ्या शेजारी बसून आमटीभात कालवत होती. कल्पिता वाढता वाढता थांबली, तिच्याकडे पाहत राहिली आणि माझ्या कानाशी वाकली.

"अहो... ही कुणाची हो? दिवेलागण झाली तरी घरी कशी गेली नाही?"

ती अगदी हळू बोलली होती. तरी रुचिताने कालवणं थांबवलं. तिने आपलं ताट उचललं आणि शेजारची मुलं बसतात तशी ती दाराजवळ जाऊन बसली.