मुक्या पट्ट्या

बसवनगुडीत कॉफीपूड दळून देणारं एक दुकान होतं आणि त्याच्या माडीवर हरीचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर दोन खोल्या, भिंतींना ठोकलेली तागाची पोती, एक कॉम्प्युटर, आवाज साठवणारं एक यंत्र आणि एक कीबोर्ड. खालचं दळप सुरू झालं की वर सगळीकडे कॉफीचा वास पसरायचा आणि ध्वनिमुद्रण थांबवून बसावं लागायचं. सत्त्याण्णव सालची गोष्ट. कानडी मालिकांची गाणी तेव्हा असल्या माड्यांवरच तयार होत.

श्रीविद्या तिथे संगीत बसवायची. हरी तिचा आत्तेभाऊ. तो गिऱ्हाइकं आणायचा, कॉम्प्युटरवर सूर बसवायची ती. बाई कामाला पक्की आणि जिभेला त्याहून पक्की. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो आणि यंत्राकडे बोट दाखवतो, असं ती येईल त्याला ऐकवायची. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तर तोंडावर हसायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता मुक्या पट्ट्यांचं. व्हायोलिनचा सूर तोच, पण लांब गजानं काढला तर एक होतो आणि तुटक गजानं काढला तर दुसराच. यंत्राला हे कळावं कसं? म्हणून एकेक तऱ्हा वेगळी मुद्रित करायची आणि कीबोर्डच्या अगदी डावीकडच्या पट्ट्यांवर बसवायची. त्यातली पट्टी दाबली तर आवाज येत नाही. पुढचे सूर कोणत्या तऱ्हेनं वाजायचे, एवढंच ती ठरवते. श्रीविद्या त्यांना मुक्या पट्ट्या म्हणायची. पडद्यावर गाण्याच्या सुरांखाली त्यांच्या बारीक खुणा दिसत, आणि तिच्याशिवाय त्यांना कोणी हात लावत नसे.

यंत्रातलं व्हायोलिन तिच्या वडिलांचं होतं. रघुपतराव; घर मराठी, घरात अण्णा. सिनेमाच्या वाद्यवृंदात उभा जन्म गेला, मग यंत्रं आली आणि बोलावणी थांबली. अण्णांनी कुरकुर केली नाही. वर्षातून एकदा चामराजपेटेतल्या रामनवमीच्या मंडपात ते वाजवायचे, आणि खरं म्हणजे तेवढ्यासाठीच जगायचे. आई गेल्यापासून घरात गप्प असलेला हा माणूस रामनवमी जवळ आली की न्हाणीघरातसुद्धा गुणगुणायचा. हा हात यंत्रात जपून ठेवावा, ही कल्पना श्रीविद्येचीच. कीव आली म्हणून नव्हे हो. तसा गज बेंगळुरात दुसरा नव्हता.

अण्णा माडीवर येऊन बसले खरे, पण त्यांना ते पटेना. एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायची घसीट रागातून येते, ती सुटी तोडून कशी देऊ, म्हणाले. मग दिली. लांब गज, तुटक गज, थरथरता गज, घसीट, आणि शेवटी बोटानं तार छेडून काढलेली छेड. श्रीविद्येनं प्रत्येकाची मागची-पुढची खरखर, खोकला, पुटपुट कापून टाकली आणि पाच मुक्या पट्ट्यांवर पाच तऱ्हा बसवल्या.

मालिकेच्या शीर्षकगीताचं काम चालू होतं. एके सकाळी तिनं आदल्या दिवशीचं काम ऐकलं, तर लांब गज ठेवला होता तिथे घसीट वाजली. पडद्यावर खाली एक जास्तीची खूण होती. आपलाच हात लागला असेल म्हणून तिनं ती पुसली. दुसऱ्या सकाळी ती खूण परत होती, आणि तिच्या शेजारी आणखी काही. आता मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. राग याचा आला, की एकही खूण चुकीची नव्हती. जिथे होती तिथे गाणं सुधारलं होतं.

स्टुडिओच्या किल्ल्या दोघांकडेच. हरीला हल्ली चेन्नईच्या कुणा पोराचं फार कौतुक सुटलं होतं. आपल्या मागं त्यालाच आणून बसवतो आणि आपल्याला खाली पाहायला लावतो, असं तिनं मनाशी पक्कं केलं. आडून आडून टोचून पाहिलं. हरी ताकास तूर लागू देईना. शेवटी तिनं त्याची किल्लीच मागून घेतली. त्यानं ती टेबलावर ठेवली, "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाला, आणि दिवसभर कामापुरतंच बोलला.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत अर्धं गाणं घसीटीच्या खुणांनी भरलं होतं.

हरीनं पडद्यावरच्या खुणा एकेक करून पाहिल्या. "मामांना किल्ली दिलीस काय?"

"अण्णांना कॉम्प्युटर सुरू तरी करता येतो काय?"

"मला नाही ठाऊक. पण हे माझ्याच्यानं होणारं नव्हे. आणि राग मानू नको, विद्या, तुझ्याच्यानंही नव्हे. हा हात त्यांचा आहे."

म्हणजे आता संशय घरावर आला. संध्याकाळी ती मुद्दाम लवकर परतली. गल्लीच्या तोंडाशीच व्हायोलिन ऐकू आलं आणि तिचे पाय थांबले. सूर सगळे होते, पण कुकरची शिट्टी सुटावी तसे एकेक वेगळे पडत होते. एकातून दुसऱ्यात काही जातच नव्हतं. आत गेली तेव्हा अण्णा डाव्या हाताची बोटं उघडमीट करत बसले होते.

"घसीट येईना गं," ते म्हणाले. "बोट सरकतं, सूर सरकत नाही."

कधीपासून, म्हणून तिनं विचारलं. ज्या सकाळी पडद्यावर पहिली खूण दिसली, त्याच दिवसापासून. तिनं लगेच डॉक्टर गाठला. हाताला काहीही झालेलं नाही, स्वल्प विश्रांती द्या, असं तो म्हणाला. विश्रांती कसली? रामनवमी तोंडावर आली होती. अण्णांनी मंडपवाल्यांना अजून नाही म्हटलं नव्हतं आणि तिलाही म्हणू देईनात.

पुढच्या सकाळी पडद्यावर लांब गजाच्या खुणा उगवल्या. त्या संध्याकाळी अण्णांचा गज तारेवर मध्येच तुटायला लागला. श्रीविद्या घाबरली. आजवर दुसऱ्यांच्या घाबरण्याला हसलेली ती बाई, साफ घाबरली.

तिनं मुद्रणाची मूळ टेप काढून लावली. काहीही न कापलेली. लांब गज वाजला, विरला, आणि मागोमाग अण्णांचा हलका आवाज आला. "न मम." मग तुटक गज, आणि पुन्हा, "न मम." होमात आहुती टाकल्यावर म्हणतात ना, हे आता माझं नव्हे, तेच. प्रत्येक तऱ्हेनंतर होतं. थट्टेनं म्हटलं असेल, सवयीनं म्हटलं असेल. अण्णांच्या तोंडी असलं काहीबाही असायचंच. कापताना तिनं ते पाचही वेळा ऐकलं होतं आणि पुटपुट म्हणून टाकून दिलं होतं.

यंत्रातून पुसलं की ज्याचं त्याला परत जाईल, असं तिला वाटलं. चूक झाली ती इथे. गाण्यात छेड कुठेच नव्हती आणि अण्णांच्या हातात ती अजून होती, म्हणून आधी छेडेवरच करून बघायचं ठरवलं. तिनं यंत्रातून छेड पुसली, टेपवरचीही पुसली, आणि धावत घरी गेली.

"अण्णा, जरा तार छेडून दाखवा."

"कशी?"

"बोटानं. नेहमी छेडता तशी."

अण्णांनी बोटाकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. मग नव्या शिष्याला समजवावं तसं हसून म्हणाले, "व्हायोलिन गजानं वाजवतात गं, बाळ."

पुसलं ते परत आलं नव्हतं. ते आता कुठेच नव्हतं. ठेवावं तर तिकडे जातंय, पुसावं तर कायमचं जातंय. तिनं हरीला सगळं सांगितलं आणि कॉम्प्युटरची, यंत्राची, सगळ्यांची वायर काढून ठेवायला लावली. हरीनं एका शब्दानं वाद घातला नाही. स्वतःच्या हातानं वायरी गुंडाळून कपाटात टाकल्या.

मग काही घडलं नाही. अण्णांकडे तुटक गज राहिला होता, थरथरता गज राहिला होता. तेवढ्यावर एखादं भजन होतंय की, म्हणाले आणि रियाजाला बसले. तिला भरून आलं. वाचलो बाई, असं तिनं देवापुढे म्हटलंही.

रामनवमीच्या सकाळी अण्णांनी पांढरं धोतर काढून ठेवलं, आणि हरीचा फोन आला. मालिकेवाले खाली येऊन बसले होते. झालंय तेवढं तरी ऐकवावं म्हणून त्यानं वायरी जोडल्या होत्या. "स्वल्प येऊन जा," म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

पडद्यावर, छेडेची रिकामी ओळ धरून, खुणांच्या पाच ओळी असायला हव्या होत्या. सहा होत्या. सहाव्या पट्टीवर तिनं कधीच काही बसवलं नव्हतं. तिच्या खुणा गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत दाट भरल्या होत्या.

"मी लावलं नाही अजून," हरी म्हणाला.

तिनं लावलं.

व्हायोलिन वाजलं नाही. स्पीकरमधून अण्णा बोलले. "विद्या, आलीस काय गं? हातपाय धू, पानं घेतो." मग तिच्या आईला मारलेली हाक. मग लहानपणी तिला निजवताना म्हणायचे ते. घरातलं एकेक बोलणं, न थांबता.

"मामांचं बोलणं कधी घेतलंस?" हरीनं विचारलं.

तिनं कधीच घेतलं नव्हतं.

फोन करायचं सुचलं नाही. ती चामराजपेटेतल्या घरापर्यंत जवळजवळ पळतच गेली.

दार अण्णांनीच उघडलं. धोतर नेसलेले, कपाळाला गंध, चेहरा प्रसन्न.

"यारम्मा? यारु बेकित्तु?"

कोण बाई, कोण पाहिजे. दारावर आलेल्या परक्याला विचारावं तसं, स्वच्छ कानडीत. या उंबऱ्याच्या आत ते तिच्याशी मराठीखेरीज कधी बोलले नव्हते.

"अण्णा, मी. मी आलेय."

त्यांनी कान पुढे केला. नीट ऐकलं. मग ओशाळून हात जोडले.

"मराठी बरल्लम्मा."

मराठी येत नाही हो मला.

ती उन्हातून आलेली त्यांना दिसत होती. ते आत गेले आणि पेलाभर गुळाचं पानक घेऊन आले, रामनवमीला वाटेनं जाणाऱ्या कुणालाही देतात तसं. पेला तिच्या हातात दिला, आणि तिचं पिऊन होईपर्यंत उंबऱ्याच्या आत अदबीनं उभे राहिले.