बिनतक्रार इंजिन

ही घडलेली गोष्ट आहे. माणसांची नावंसुद्धा खरीच लिहिली आहेत. बदलता आली असती. पण नावं लपवली, तर हे लिहिण्यात काही अर्थच उरत नाही.

२७ मे १९७२. शनिवार. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागून तिसरा दिवस. वेळ दुपारची, अडीचच्या सुमाराची.

भुताटकी रात्रीचीच असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपुरातली नवतप्याची दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. झाडावर कावळा बोलत नाही. घराघरांची दारं लागलेली. मध्यरात्रीही एखादा माणूस हाकेला ओ देईल...

त्या दुपारी कोणी देत नाही.

चंपतराव माझे भाऊजी. थोरली बहीण कौसल्या त्यांना दिलेली. जन्मभर रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये मिस्त्री होते. रिटायर झाल्यावर प्रताप नगरला घर बांधलं. तेव्हा तिकडे घरं विरळ, एका घरातून मारलेली हाक दुसऱ्या घरी पोचत नसे. घरामागे त्यांनी टिनाची एक खोली उभी केली. भिंती टिनाच्या, छप्पर टिनाचं. त्या खोलीत ते वाफेची छोटी इंजिनं बनवत.

खेळण्यातली नाहीत. पितळेची चाकं, तांब्याचा बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा. दीड हात लांबीचं खरंखुरं इंजिन.

पण एक धड चालेल तर शपथ. कधी सांध्यातून वाफ गळे. कधी दिवा विझे. कधी चाक अडे. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन निघाली, तेव्हा चंपतरावांनी मोठ्या हौशीनं आपलं इंजिन बैलांच्या रांगेत लावलं. चार हात चाललं आणि थांबलं. फुंकलं, ढकललं, तेल घातलं. ढिम्म.

शेडमधले जुने सोबती महादेवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "चंपत, याच्यापेक्षा लाकडाचा बैल बरा गा! दोरी ओढली का चालते तरी."

घरी बहीण म्हणाली, "तुमचं इंजिन म्हंजे जावई हाये. रुसल्याबिगर दोन पावलं जात नाई."

भाऊजी हसले नाहीत. त्या रात्री मला म्हणाले, "मले एकच इंजिन पायजे. बिनतक्रार. सुरू केलं का चालत राहीन असं. एक तरी माह्या हातून बिनतक्रार निघावं."

'एक तरी' असं ते का म्हणाले, ते मला फार उशिरा कळलं.

शेडमधला एक नियम आधी सांगतो. वाफेच्या इंजिनाच्या पुढच्या तोंडात धुराची मोठी पेटी असते. इंजिन थंड असलं की एक माणूस आत शिरून राख आणि काजळी काढतो. ते तोंड बाहेरून बंद होतं. आतून उघडायला काही नाही. म्हणून बंद करण्याआधी मिस्त्रीनं हातोडीनं तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं. आत कोणी असेल तर तो तीन ठोके देईल. मग बाहेरच्यानं पुन्हा तीन द्यायचे. म्हणजे... ऐकलं, उघडतो.

हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत.

१९६१ सालच्या एका दुपारी चंपतरावांनी पाळला नाही.

इंजिन वेळेवर द्यायचं होतं. त्यांचं इंजिन कधी उशिरा गेलं नव्हतं, त्याचा त्यांना तोरा होता. तोंड उघडं दिसलं, त्यांनी लावून घेतलं. मागे भट्टी पेटवली. पंधरा मिनिटांनी पुढून आवाज आला.

टक... टक... टक.

लोखंड तापलं की टकटकतं. शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक. चंपतरावांनी विडी पेटवली.

टक... टक... टक.

मग थांबलं.

आत नत्थू होता. साफसफाईवाला, बारीक अंगाचा, पस्तिशीचा. संध्याकाळी तोंड उघडलं तेव्हा तो गुडघे पोटाशी घेऊन बसलेला होता. धुरानं गेला होता.

चौकशीत चंपतराव म्हणाले, "म्या ठोकलं होतं, साहेब. जवाब आला नाई."

कागदावर लिहिलं गेलं की नत्थू कामावर झोपला होता, स्वतःच्या चुकीनं मेला. त्याची बायको रुख्माबाई तेव्हापासून 'झोपाळूची बायको' झाली.

यातलं मला त्या सत्तावीस मेपर्यंत काहीच माहीत नव्हतं.

बहात्तरच्या एप्रिलात महादेवरावांनी भंगारातून तांब्याची एक जाड नळी आणून दिली. "घे. असं तांबं आता भेटत नाई. बनव तुह्या जावयाले."

नळीवर इंजिनाचा नंबर ठोकलेला होता. तेच इंजिन.

भाऊजींनी नंबर पाहिला. महिनाभर नळी तशीच ठेवली. मग कापली, आकडा आतल्या बाजूला येईल अशी वळवली आणि वरून वितळलेल्या धातूचा डाक देऊन बॉयलर बंद केला.

असं तांबं खरंच मिळत नव्हतं.

सत्तावीस तारखेला इंजिन तयार झालं. घरात दोन दिवस अबोला होता. सख्ख्या भाचीच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला, जायचं सोडून भाऊजी डाक देत बसले होते, म्हणून कौसल्या बोलत नव्हती. ते जेवले, ती समजली पुढच्या खोलीत झोपले असतील. ते मागच्या दारानं टिनाच्या खोलीत गेले. लू चालू होती. दिवा विझू नये म्हणून त्यांनी झरोक्यात पोतं कोंबलं, दार लोटून घेतलं.

पाणी भरलं. दिवा लावला.

इंजिन चाललं.

काय चाललं! खोलीभर गोल रूळ टाकलेले होते, त्यावर ते घड्याळासारखं फिरू लागलं. गळती नाही. अडणं नाही. भाऊजी उकिडवे बसून बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

मागे दार वाऱ्यानं आपटलं. कोणीतरी बाहेरून कडी लावल्याचा आवाज आला. त्यांनी मान वळवली नाही.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. अर्धा तास.

मग त्यांच्या लक्षात आलं...

बॉयलरमध्ये पाणी वीस मिनिटांचंच होतं.

त्यांनी वाकून पाहिलं. दिवा विझलेला होता. स्पिरिट केव्हाच संपलं होतं.

इंजिन फिरत होतं.

त्यांनी हात पुढे केला. सेहेचाळीस डिग्रीची दुपार, टिनाची खोली, सगळं चटके देत होतं. इंजिनाला बोट लागलं...

थंडगार.

वास आला. स्पिरिटचा नाही. दगडी कोळशाचा. इंजिनाच्या धुराड्यातून काळा, जाड धूर निघू लागला होता. तो वर जाऊन छपराला अडायचा आणि खाली उतरायचा.

आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडातून आवाज आला.

टक... टक... टक.

"तांबं तापलं," भाऊजी स्वतःशीच म्हणाले. सवयीनं तोंडून गेलं. बोट अजून गार होतं.

टक... टक... टक.

ते उठले आणि दाराकडे धावले. दार हललं नाही. झरोक्याकडे वळले, पण धुरात झरोका सापडेना. हाक मारायला तोंड उघडलं तर घशात राख गेली. आवाजच फुटेना. ते टिनाला टेकून खाली बसले आणि हातात आलेल्या पान्यानं भिंतीवर मारू लागले.

टक. टक. टक.

बाहेर चपलांचा आवाज आला.

कौसल्या! अंगणात कुरडया वाळत होत्या, वाऱ्यानं त्यांच्यावरचं फडकं उडालं होतं. चपला जवळ आल्या. अगदी भिंतीपाशी. मधे फक्त एक टिन.

त्यांनी पुन्हा मारलं. टक. टक. टक.

बाहेर बहीण म्हणाली, "काय मेलं ऊन! टिन कसं टकटकून राहिलं पाय."

आणि चपला दूर गेल्या.

भाऊजी मला नंतर म्हणाले, "तवा मले समजलं, नत्थूनं माह्या विडीचा वास घेतला असन."

धूर गुडघ्यापर्यंत उतरला होता. ते पालथे पडले. इंजिन फिरत फिरत त्यांच्या तोंडासमोर येई आणि जाई, येई आणि जाई. दर फेऱ्याला तीन ठोके. ठोके आता मधे थांबत नव्हते. एकामागून एक, घाईघाईनं... आतला माणूस संपत आला की जसे येतील तसे.

भाऊजींनी हात लांबवला. पाना इंजिनाच्या तोंडावर मारला.

एक. दोन. तीन.

"आइकलं, नत्थू," ते कसेबसे म्हणाले. "मले तवाही आइकू आलं होतं."

इंजिन जागच्या जागी थांबलं.

बाहेर कडी सरकली. दार उघडलं. उन्हाचा झोत आत आला. दारात कोणी नव्हतं.

बहीण घरात वाळ्याच्या ताटीमागे निजलेली सापडली. दार वाऱ्यानं आपटत होतं म्हणून कडी तिनंच लावली होती. "हाक काहून नाई मारली वं आत?" मी नंतर विचारलं. म्हणाली, "बोलतच नव्हतो नं आमी."

कडी तिनं उघडली नव्हती. त्या उन्हात ती कडी उघड्या हातानं धरवलीच नसती. पण कडीवर चार बोटं उमटली होती. काजळीची. बारीक माणसाची. मी संध्याकाळी डोळ्यांनी पाहिली. खोलीत मात्र कुठंच काळं नव्हतं. ना छपराला, ना भिंतीला.

त्याच संध्याकाळी भाऊजींनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "रुख्माबाईले सांगा."

"सांगतो," म्हणाले.

सात वर्षं सांगतो म्हणाले. नंदनवनच्या तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात आणि परत येत. एकोणऐंशीच्या डिसेंबरात वारले. इंजिन बहिणीला घरात नको होतं. ते माझ्याकडे आलं.

त्याचं तोंड मी कायम उघडं ठेवतो. उन्हाळ्यातल्या काही दुपारी अडीचच्या सुमाराला ते ठोके देतं. मी बोटानं तीन परत देतो. थांबतं.

दोन-तीन वर्षं एवढ्यावर भागलं.

मीही रुख्माबाईकडे गेलो होतो. दोनदा. म्हातारी झाली आहे. चहा केला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनंच विषय काढला. "भाऊ, तुमी त्या मिस्त्रीचे साळे नं? एक सांगा मले. माहा माणूस दुपारी कधीच झोपत नव्हता गा. घरीबी नाई. मंग त्या दिवशीच काहून झोपला असन?"

मी चहा संपवला. "उन्हाचं होते असं कधी कधी," म्हणालो आणि उठलो.

घरी आलो तर इंजिनातून ठोके येत होते; बोटानं तीन परत दिले. या वेळी ते थांबले नाहीत.

आज पाचवा दिवस आहे. मला लिहायची सवय नाही, अक्षर उशिरा शिकलो, चार दुपारी लागल्या एवढं लिहायला. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी नंदनवनकडचा असेल तर त्यानं रुख्माबाईला वाचून दाखवावं. नत्थू झोपला नव्हता. त्यानं ठोके दिले होते. दोनदा. ते ऐकले गेले होते.

हे तिच्यासमोर बसून मीच सांगायला हवं होतं. आज निघणारच होतो, चपलाही घातल्या होत्या. पण आधी शेवटच्या दोन ओळी लिहून टाकू म्हणून बसलो.

ठोके आत्ताही येत आहेत. इंजिन समोर टेबलावर आहे, पण आवाज त्यातून येत नाही. माझ्या खोलीच्या दारावरून येतो आहे. बाहेरून. कोणीतरी तीन ठोके देतं आणि थांबतं. आत कोणी आहे का, ते विचारल्यासारखं.

माझ्या घराला टिन नाही.

आणि लिहायला बसलो तेव्हा हे दार मी उघडं ठेवलं होतं.