मुंगीपेक्षा हळू

तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली.

त्या वेळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. माणसांपेक्षा पुस्तकांशी बरं जमायचं. एक मोटर जळली, म्हणून ती पोत्यात घालून वाइंडिंगच्या दुकानात नेली. तिथे दुकानदाराची मुलगी तांब्याची तार गुंडाळत बसली होती. हात न थांबवता तिनं विचारलं,

"सर, तारेतून वीज धावते म्हणजे नक्की कोण धावतं हो?"

"इलेक्ट्रॉन. धातूतल्या प्रत्येक अणूचा एखादा इलेक्ट्रॉन मोकळा सुटलेला असतो... वाट्टेल तिकडे भटकत असतो. विजेचा दाब आला की सगळे एका दिशेला सरकायला लागतात. पण धावत नाहीत — मुंगीपेक्षा हळू जातात."

तिनं पहिल्यांदाच मान वर केली. "मग मी आत्ता बटण दाबलं, तर दिवा उद्या लागायचा."

"त्याचं असं आहे..." मी म्हणालो, आणि तिच्या गालाला लागलेल्या वार्निशकडे बघत पुढचं विसरलो.

मोटर दुरुस्त झाली. मग मी घरचा पंखा नेला.

"याला काय झालंय?"

"आवाज करतो."

तिनं फिरवून पाहिला. "तुमच्यापेक्षा जास्त करतो, एवढंच."

पुढच्या आठवड्यात तिचं पत्र आलं. 'दिव्याचं उत्तर राहिलंय. आणि बाबा स्थळं बघताहेत. मी तुम्हाला आवडते का, तेही कळवा.'

मी उत्तर लिहायला बसलो आणि पानभर इलेक्ट्रॉनच लिहिले. फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. नवव्या दिवशी ती स्वतःच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"पत्र मिळालं?"

"हो."

"मग?"

"...हो."

एवढ्यावर आमचं लग्न झालं.

परवा कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "तुम्हाला नाही म्हणता आलं नाही, म्हणून हो म्हणालात ना? मला अजून तसंच वाटतं." म्हणाली हसतच, पण माझ्याकडे न बघता.

इतकी वर्षं हे तिच्या मनात होतं, आणि मी शेजारी बसून पुस्तकं वाचत होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग कागद घेतला.

'दिवा लगेच लागतो, कारण इलेक्ट्रॉनना बटणापासून दिव्यापर्यंत चालत यायचं नसतं. तार आधीच त्यांनी भरलेली असते. दाब आला की सगळीकडचे जवळजवळ एकदमच सरकतात, दिव्यातलेसुद्धा. दुकानात तू मान वर केलीस, तेव्हाच माझं उत्तर ठरलं होतं. पत्र नंतर आलं. पंख्यालाही काही झालं नव्हतं. तू दारात आली नसतीस, तर मी आजही खाडाखोड करत बसलो असतो. तू आलीस, म्हणून मला संसार मिळाला. हे तुला सांगायला फार उशीर केला.'

टपालाच्या खिडकीवरच्या बाईंनी पत्ता वाचला. "काका, हे तर मागच्याच गल्लीतलं. हातानंच द्या की."

"हातात राहिलं तर मी दुरुस्त्या करीन," मी म्हणालो, आणि त्यांनी शिक्का मारेपर्यंत तिथून हललो नाही.