काळ्या चौकटीतला शब्द

"'शोकाकुल बंधू' असं लिही, फाद्रिके... आणि त्यापुढे तुझे सगळे किताब. एकही गाळू नकोस हं! मेल्यावर तरी माझी ओळ भरलेली दिसू दे," उशांना टेकून डोन्या लेओकादिया म्हणाली.

वायादोलिद शहरातली मोठी घरं आपली निधनवार्ता परक्यावर सोपवत नसत. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काळ्या चौकटीत कोणाचं नाव आधी, कोण मुद्दाम गाळलेला, हे गाव मंत्रिमंडळाच्या बातमीआधी वाचून काढी. म्हणून शहाणी माणसं आपली वार्ता जिवंतपणीच लिहवून घेत.

समोर लेखणी धरून बसला होता व्हालसेरेनाचा मार्केस हा सरदारी किताब असलेला, दोनदा सिनेटर, आणि सोमवारी राजवाड्यात मंत्रिपदाची शपथ घेणारा डॉन फाद्रिके. जगाच्या दृष्टीने तिचा धाकटा भाऊ... जगाच्या दृष्टीने! सतराव्या वर्षी, अविवाहित लेओकादियेने एका दूरच्या मठात त्याला जन्म दिला, आणि घराची अब्रू राखण्यासाठी तिच्या आईने ते बाळ आपलं म्हणून मिरवलं. घरात मुलगा वारस नसता तर किताब लेओकादियेलाच मिळायचा. म्हणजे एकाच सकाळी तिने आपलं लेकरू दिलं आणि आपली गादीही!

"ताई, मी 'बंधू' लिहिणार नाही."

"मग काय, 'शेजारी' लिहितोस?"

"मुलगा."

तिने उशीवरून मान उचलली.

"कोणी सांगितलं तुला?"

"आईनं... म्हणजे आजीनं. जाताना."

"ती जाऊन अकरा वर्षं झाली, फाद्रिके!"

त्याने मान खाली घातली. "तेव्हा निवडणूक तोंडावर होती. मग... दर वेळी काहीतरी तोंडावर होतंच."

अकरा नाताळ! अकरा नाताळ हा सारं जाणून तिच्या शेजारी जेवायला बसला, तिच्या हाताचं बदामाचं सार मागून मागून प्याला, आणि 'ताई' म्हणून उठला...

"पण आता लिहितो! जाऊ दे किताब, जाऊ दे मंत्रिपद!" त्याने लेखणी शाईत बुडवली.

लेखणी कागदावर आली... आणि थांबली. दाराबाहेर त्याचा चिटणीस खोकला, तशी त्याची नजर तिकडे गेली. टोकाशी शाईचा थेंब फुगत राहिला. उभा जन्म माणसं वाचण्यात गेलेल्या लेओकादियेने तो हातही वाचला. आणखी क्षणभर ती गप्प राहिली असती तर कदाचित त्याने लिहिलं असतं... कदाचित नसतंही! आणि ते 'नसतंही' डोळ्यांनी पाहायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"बंधू लिही."

"पण..."

"मरणाऱ्या बाईशी वाद घालतोस? तुझं सिनेट नाही हे. लिही!"

किती भराभर चालली ती लेखणी! किती सुटल्यासारखी!

मग तो वाकला. ओठ तिच्या कानाशी नेऊन, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटला, "आई... आई गं!"

एक्कावन्न वर्षं वाट पाहिलेला शब्द! तिने डोळे मिटले. पापण्यांखालून आसवं ओघळली...

दार किलकिलं झालं. "हुजूर, गाडी तयार आहे."

तिने त्याचा हात क्षणभर घट्ट धरला, मग आपणच सोडला. आणि चिटणिसाला स्पष्ट ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"जा, भाऊराया. तुझ्या बहिणीचं झालं सगळं सांगून."