शंभराच्या वर

तलावपाळीच्या कठड्याला धरून एक तरुण उभा होता. ओठ पांढरेफटक. उत्तरा थांबली. नौपाड्यातल्या दवाखान्यात ती रुग्णांना व्यायाम शिकवायची. सवयीने तिने त्याचं मनगटच धरलं.

"चक्कर येतेय?"

"नाही... आय दिसते का मागे, बघा जरा. तिच्या हिशेबाने मी अंथरुणात आहे."

तो दौलत, चेंदणी कोळीवाड्यातला. मानेतल्या गाठींचा कॅन्सर; केमोची शेवटची सलाईन लागून महिना झालेला. आजाऱ्याने पडून राहावं, असं सगळं घर म्हणायचं. वल्हं मारणाऱ्या हातांना आता तांब्या उचलवत नव्हता.

उत्तराने एका वैद्यकीय मासिकात वाचलं होतं – बेताने चालणाऱ्या अशा रुग्णांचा थकवा कमी होतो. दौलतच्या डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, पण अट घातली. चालण्याआधी, बसल्या जागी नाडी शंभरावर गेली, की चालणं बंद.

पहिल्या दिवशी दिव्यांचे चार खांब चालून झाले. तिसऱ्या आठवड्यात अर्धा तलाव. त्याची आई सगुणाबाई भांडायलाच आली.

"माझ्या पोराला घाण्याला जुंपलास काय गं?"

पण त्या दुपारी पोराने दुसऱ्यांदा भात मागितला. मग तिनेच त्याच्या चपला दाराशी आणून ठेवल्या.

आणि मंगळवारी नाडी भरली एकशे सहा. बुधवारी एकशे बारा.

"ताप? धाप?"

"काहीच नाही. उत्तराबाई, परत खाटेवर नका पाठवू..."

तिने डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. रक्त कमी झालं असेल? की गाठी परत...? मग तिला एक शंका आली. मोजणारी रोज तीच होती. तिने दवाखान्यातल्या मैत्रिणीला, मंदाकिनीला बोलावलं.

मंदाकिनीने मोजली – चौऱ्याऐंशी. उत्तराने – एकशे दहा. पुन्हा मंदाकिनी – शहाऐंशी. पुन्हा उत्तरा – एकशे चौदा.

"रोग कळला," मंदाकिनी घड्याळ बघत म्हणाली. "तुझ्या बोटांत आहे."

दौलत कानापर्यंत लाल. "मला ठाऊक होतं... पण सांगितलं असतं, तर तुम्ही हात सोडला असता."

उत्तराने चिठ्ठीची घडी घातली. "रक्त तरीही तपासायचं. आणि उद्यापासून नाडी मंदाकिनी बघेल."

"आणि तुम्ही?"

"मी... चालेन. तुमच्या बरोबरीने."

"मग हात?"

ती तलावाकडे वळली.

"चालून झाल्यावर. तेव्हा शंभरावर गेली तरी हरकत नसते."